मुंग्यांसाठी हवाय

परवा दुपारी लिफ्टचं दार उघडलं तर आत गादी उभी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वर चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे, आणि तिच्या आडून नवव्या मजल्यावरच्या काकूंचा चेहरा. "जुनी झाली हो, म्हटलं टाकून देऊ." मी "हो ना" म्हटलं. ही गादी दिवाळीत वर चढताना मीच पाहिली होती. पण असं कोणी बोलून दाखवतं का?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ढेकूण नाहीत. कोणाकडेच नाहीत. ग्रुपवर मात्र अधूनमधून कोणीतरी विचारतं, 'चांगला पेस्ट कंट्रोलवाला सुचवा, मुंग्यांसाठी हवाय.' लगेच नंबर येतात, आणि नंबर देणारेही 'आमच्याकडे झुरळांसाठी आला होता' हे जोडायला विसरत नाहीत.

नौपाड्यातल्या चाळीत हे असं नव्हतं, असं लिहिणार होते. पण होतंच की. मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी आमचा लोखंडी पलंग गॅलरीत यायचा. आजी स्टोव्हवर पातेलंभर पाणी खळखळून उकळायची आणि पदराने धरून ते पलंगाच्या सांध्यांत ओतायची. बाबांच्या हातात फ्लिटचा पंप. आम्हा पोरांकडे खराट्याच्या काड्या, फटींतून ढेकूण उकरून काढायला. चिरडल्यावर जो वास यायचा तो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेजारच्या वहिनी जाता जाता विचारायच्या, "काय, साफसफाई का?" आजी म्हणायची, "हो, उन्हाळा ना." पुढच्या रविवारी वहिनींचा पलंग बाहेर. मग आजी तितक्याच निरागसपणे, "काय, साफसफाई का?"

आमच्या आणि वहिनींच्या खोलीच्या मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. ढेकूण या रविवारी सासरी, पुढच्या रविवारी माहेरी. सगळ्या बिऱ्हाडांचे पलंग एकाच दिवशी बाहेर आले असते तर त्यांची खरी पंचाईत होती. पण त्यासाठी आधी कोणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं, आणि त्यापेक्षा रात्रभर खाजवणं परवडायचं.

आजीचं उकळतं पाणी मात्र बरोबर होतं. पन्नासएक अंशांच्या पुढे ढेकूणही जगत नाही, त्याचं अंडंही. पण गाद्या उन्हात टाकण्याला काडीचा अर्थ नव्हता. वरून ऊन लागलं की हे गादीच्या खालच्या बाजूला, शिवणीत. ठाण्याचं ऊन आपल्याला भाजून काढतं, त्यांना फक्त कूस बदलायला लावतं.

औषधांचंही तेच. डीडीटी किडे मारतं हे दाखवणाऱ्या पॉल म्युलरला १९४८ साली नोबेल मिळालं. तिकडे पर्ल हार्बरच्या नौदलाच्या तळावरचे ढेकूण १९४७ मध्येच डीडीटीला दाद देईनासे झाले होते. सत्काराला थोडा उशीरच झाला म्हणायचा. पुढे आलेली औषधंही त्यांनी पचवली. काहींची तर कातडीच इतकी जाड होत गेली की औषध आत पोचेपर्यंत वेळ लागतो. त्यात अंडं जेमतेम एक मिलीमीटरचं, फटीत डिंकाने चिकटवल्यासारखं पक्कं. बहुतेक फवारे त्याला काही करत नाहीत. आठ-दहा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतात आणि दर वेळी आधी पोटभर रक्त पितात. आणि रक्त नाहीच मिळालं, तर मोठा ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी थांबतो. भिडू नसला तरी चालतो. पोटुशी एकटी मादी बॅगेच्या शिवणीत बसून आली तरी संसार उभा करते.

हे सगळं मला कसं ठाऊक? आमचे चिरंजीव हॉस्टेलवरून सुट्टीला आले होते. पुढचं समजून घ्या.

फोन केला तर पेस्ट कंट्रोलवाल्या मुलाने पत्त्याच्या आधी विचारलं, "मॅडम, गाडी गेटच्या बाहेर लावू का? बऱ्याच जणांना तसंच हवं असतं." आला तो साधी सॅक घेऊन, शिकवणीला आल्यासारखा. पलंगाचे बोल्ट काढले, स्विचबोर्डच्या मागे टॉर्च मारला, शिवणी चाचपल्या. म्हणाला, दोन आठवड्यांनी परत मारावं लागेल, अंड्यांतनं निघालेल्यांसाठी. आणि शेजारचे, वरचे, खालचे फ्लॅटही एकदा बघितलेले बरे, वायरिंगच्या पाइपातून जातात हे. यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. "नंतर सांगतो," हे म्हणाले.

"आणि एक," तो सॅक भरता भरता म्हणाला, "झोपायचं इथेच. हॉलमध्ये गेलात तर तेही मागोमाग येतील. माणूस पलंगावर असलं की ते औषधावरून चालत येतात."

"म्हणजे आमिष?" हे म्हणाले.

"तसं नाही सर," तो म्हणाला, पण तसंच होतं.

तो गेल्यावर वाद झाला. यांचं म्हणणं, मला चाळीची सवय आहे. माझं म्हणणं, यांचं रक्त गोड आहे, रिपोर्ट आहेत. शेवटी दोघंही तिथेच झोपलो. हॉलमध्ये एसी नाही.