एनडीएन टाकी अपडेट: शून्य हिटचं गूढ उकललं

मंडळी, हिट पडला! (नवीन लोकांसाठी: एनडीएन म्हणजे नेम्ड डेटा नेटवर्किंग, यात पत्त्याऐवजी नावाने डेटा मागतात, आणि मधल्या नोडच्या कॅशमधून उत्तर मिळालं की तो हिट.) रात्री पावणेदोनला जिन्यातल्या पायवर (रास्पबेरी पाय, छोटा कॉम्प्युटर) एनएफडीसीच्या (एनडीएनचा फॉरवर्डर एनएफडी, त्याची कमांड) सीएस इन्फोमध्ये एन-हिट्ससमोर शून्याऐवजी १ दिसला आणि मी एकटाच जिन्यात बसून टाळ्या वाजवल्या.

सेटअप तोच. गच्चीवरचा पाय टाकीची पातळी मोजतो, जिन्यातला (इन्व्हर्टरवर आहे) फॉरवर्ड करतो, हॉलमधली स्क्रीन आणि माझा लॅपटॉप मागतात. घरात तीन पाय झालेत हा आईचा जोक आता जुना झाला. एनएलएसआर काढून टाकलं ते बरंच झालं, तीन नोडला राउटिंग प्रोटोकॉल कशाला, हाताने राउट टाकले की काम झालं.

तर घोळ असा, की गच्चीवरची लाईट गेली तरी जिन्यातल्या कॅशमधून शेवटची पातळी मिळायला हवी, त्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप, आणि स्क्रीनवर येतो टाइमआउट. कंटेंट स्टोअरमध्ये (म्हणजे कॅशमध्ये) एंट्री भराभर वाढतायत, हिट शून्य. आधी वाटलं कपॅसिटी कमी पडतेय, पण डीफॉल्टच ६५५३६ पॅकेट, माझी टाकी दिवसभरात तेवढं बोलत नाही. मग पिटने (उत्तराची वाट बघणाऱ्या मागण्यांची यादी) फसवलं. स्क्रीन आणि लॅपटॉप एकदमच मागत होते, पिटमध्ये दोन्ही इंटरेस्ट (डेटा मागणारी पॅकेट) एकत्र व्हायचे आणि गच्चीवर एकच जायचा, मी खूश, म्हटलं कॅश चालतोय! लॅपटॉपचा टायमर अर्धा सेकंद पुढे सरकवला तर सगळे इंटरेस्ट थेट गच्चीवर. त्यात मी नावं हौसेने देवनागरीत ठेवलीत, त्यामुळे लॉगमध्ये नुसता ‘टाकी’ शब्द टक्क्यांच्या चिन्हांसकट ३६ अक्षरांचा होतो. डोळे फुटायची वेळ आली. तुम्ही हा शहाणपणा करू नका.

धागा सापडला तो एनडीएनपीकमुळे (एक पॅकेट मागून बघायची कमांड, डीबगिंगला याच्यासारखं हत्यार नाही, माझं मत). गच्चीवरचा पाय बंद केला आणि चुकून फ्रेशचा फ्लॅग न देता पीक मारला, तर डेटा आला! म्हणजे कॅशमध्ये माल आहे, मस्ट-बी-फ्रेश (फक्त ताजाच डेटा द्या) म्हटलं की देत नाही. कोड उघडला, पायथन-एनडीएनच्या पुट-डेटामध्ये मी फ्रेशनेस पीरियड (डेटा किती वेळ ताजा मानायचा ते) लिहिलाय १०. सेकंद समजून. तो मिलिसेकंदात असतो हो! पॅकेट जिन्यात पोचून बूड टेकवेपर्यंत शिळं. तीन आठवडे गेले यात. १०००० केलं आणि हिट पळायला लागले.

आनंद दहा सेकंद टिकला, अक्षरशः. लाईट जाऊन दहा सेकंद झाले की परत टाइमआउट, कारण मस्ट-बी-फ्रेश शिळं घेणारच नाही. बरं ते काढून नुसतं कॅन-बी-प्रीफिक्स (नावाची सुरुवात जुळली तरी चालेल) ठेवलं तर स्क्रीनवर सकाळची पातळी, कारण एनएफडी कॅशमध्ये नावांच्या क्रमाने पहिलं जुळणारं उचलतं आणि माझ्या नावाच्या शेवटी टाइमस्टॅम्प, म्हणजे सगळ्यात जुनंच हाती लागतं. टाकी भरून वाहतेय आणि स्क्रीन म्हणतेय अर्धी. आई म्हणाली, वाहायला लागली की कळतंच की.

इथपर्यंत टाइप केलं आणि ठरवलं होतं की आता आरडीआर (ताजी आवृत्ती कुठली ते शोधायची पद्धत) घालायचं, मेटाडेटा पॅकेट विचारायचं, मग आवृत्ती मागायची. पण थांबा, मेटाडेटाच्या नावातही आवृत्ती असते, लाईट गेल्यावर शिळं मेटाडेटा मागितलं की परत तेच रडगाणं. त्यापेक्षा नावातच मिनिट टाकू ना? पातळीच्या पुढे तारीख-तास-मिनिट. मागणारा घड्याळ बघून नाव स्वतःच बनवेल, या मिनिटाचं नाही मिळालं तर मागच्याचं मागेल, मस्ट-बी-फ्रेशही नको, कॅन-बी-प्रीफिक्सही नको. एका नावाचा डेटा कधी बदलत नाही हा नियमही पाळला जातो. कसलं साधंय, आधी का सुचलं नाही!

अरे पण. गच्चीच्या केबलवर मी थेट इथरनेट फेस (एनडीएनचा जोड) लावलाय, आयपीच नाही (मागच्या वेळी याचीच फुशारकी मारली होती), म्हणजे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) नाही, आणि पाय ३ ला स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट आली की तो भलत्याच वेळेत उठणार. डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लागेल. गेल्या वेळी ज्या दुकानातून एसडी कार्ड घेतलं ते पंधरा दिवसांत मेलं, तिथे नाही जाणार, पण कुणाकडे बॅटरीसकट नीट चालणारं मॉड्यूल पडून असेल तर सांगा, शनिवारी येऊन घेऊन जातो.