ल माँची चोवीस तासांची शर्यत: पहिल्यांदा जाणाऱ्या प्रेक्षकासाठी

फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत प्रत्यक्ष पाहायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी चोवीस तास जागे राहण्याचा बेत मनातून काढून टाकावा. तेथे एका गाडीवर तीन चालक आळीपाळीने बसतात आणि त्यांपैकी कोणालाही सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक, तसेच संपूर्ण शर्यतीत चौदा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. जे गाडी चालवतात त्यांनाच जर नियमाने विश्रांती घ्यायला लावले जाते, तर कुंपणाबाहेर उभे राहणाऱ्याने झोपेशी वैर धरण्यात काय अर्थ आहे? २०२४ च्या जूनमध्ये मी आणि माझा भाचा ठाण्याहून ही शर्यत पाहून आलो. परतल्यावर कार्यालयात आणि सोसायटीत ज्या चौकशा झाल्या, त्यांतील बहुतेकांचा रोख खर्चावर होता. खरा प्रश्न मात्र वेळेच्या हिशेबाचा आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

पहिला सराव घरीच करावा, असा माझा आग्रह आहे. शर्यत शनिवारी फ्रान्समधील वेळेनुसार दुपारी चार वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि ती रविवारी त्याच वेळी संपते. २०२३ ची शर्यत आम्ही भाच्याच्या घोडबंदर रोडवरील घरी बसून पाहिली. १९२३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीचे ते शताब्दी वर्ष होते आणि पन्नास वर्षांनी सर्वोच्च गटात परतलेल्या फेरारीने ती जिंकली. घरी पाहण्याचा फायदा असा की, एकाच रस्त्यावर एकाच वेळी तीन गटांच्या तीन शर्यती चाललेल्या असतात हे डोळ्यांना हळूहळू उमगू लागते. फॉर्म्युला वन पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तेथे सर्वांत पुढे असलेली गाडी तेवढी शोधायची असते. येथे तसे केले तर दोन तासांत कंटाळा येतो.

२०२४ मध्ये एकूण ६२ गाड्या होत्या: २३ हायपरकार, १६ एलएमपी-२ आणि २३ एलएमजीटी-३. हायपरकार हा सर्वोच्च गट, म्हणजे फेरारी, टोयोटा, पोर्शे, कॅडिलॅक अशा कंपन्यांनी पूर्ण ताकदीनिशी उतरवलेल्या गाड्या. एलएमपी-२ गटात सर्वांचे इंजिन एकाच प्रकारचे असते, त्यामुळे तेथे चालकाचे आणि पिटमधील, म्हणजे गाडीत इंधन भरण्याच्या व दुरुस्तीच्या जागेतील, माणसांचे कसब अधिक दिसते. एलएमजीटी-३ मधील गाड्या रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारवरून घडवलेल्या असतात आणि त्या प्रत्येक गाडीत ‘ब्रॉन्झ’ श्रेणीचा, म्हणजे बहुधा स्वतःचा व्यवसाय सांभाळून हौसेने शर्यतीत उतरणारा, एक चालक असावाच लागतो. मला स्वतःला हा शेवटचा गट सर्वांत मानवी वाटतो. हायपरकार १३.६२६ किलोमीटरची फेरी साधारण साडेतीन मिनिटांत पूर्ण करते आणि जीटी गाडीला चार मिनिटांच्या आसपास लागतात. याचा अर्थ असा की, दर अर्ध्या तासाला जवळजवळ प्रत्येक हायपरकार प्रत्येक जीटी गाडीला एकदा ओलांडून जाते. ही ओलांडण्याची क्रिया दिवसरात्र अखंड चालू असते आणि शर्यतीतील निम्म्याहून अधिक नाट्य तिच्यातच असते. रात्री ओळख पटवणे तुलनेने सोपे जाते, कारण जीटी गाड्यांचे पुढचे दिवे पिवळसर आणि इतरांचे पांढरे असतात.

तिकिटे आयोजक संस्थेच्या, म्हणजे ऑटोमोबिल क्लब द ल्वेस्तच्या, संकेतस्थळावरून घ्यावीत आणि ती कित्येक महिने आधी घ्यावीत. २०२४ ची तिकिटे संपूर्ण विकली गेली होती आणि त्या आठवड्यात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे आली होती. सामान्य प्रवेशाचे तिकीट असले तरी ट्रॅकच्या कडेच्या बहुतेक मोकळ्या जागांवर फिरता येते. ग्रँडस्टँडची खुर्ची वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरलेल्या खुर्चीचा मोह माणसाला एकाच जागी बांधून ठेवतो आणि या शर्यतीत एकाच जागी बसण्यासारखा दुसरा तोटा नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगतो. फ्रान्सला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे लागते आणि प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ८० ऐवजी ९० युरो झाले आहे. मुलांच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्यात मुंबईतील अर्ज केंद्रांवर फार गर्दी असते, म्हणून मार्चमध्येच भेटीची वेळ घेतलेली बरी. शर्यतीची तिकिटे आणि राहण्याचे आरक्षण अर्जासोबत जोडल्यास प्रवासाचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सामानात तीन गोष्टी अत्यावश्यक समजाव्यात. पहिली म्हणजे कानात घालायचे फोमचे बोळे, जे गोखले रोडवरील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. ते भरपूर घ्यावेत, कारण ते हरवतात. कॅडिलॅकचे साडेपाच लिटरचे व्ही-८ इंजिन जवळून जाते तेव्हा होणारा आघात, कोपिनेश्वराच्या देवळापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेत ढोलपथकाच्या अगदी पुढे उभे राहिल्यावर छातीला जाणवतो तसाच असतो, फरक एवढाच की येथे पथक पुढे निघून जात नाही. लहान मुले सोबत असतील तर त्यांच्यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे संरक्षक न्यावेत. दुसरी गोष्ट म्हणजे खिशात मावणारा एफएम रेडिओ. आता मोबाइलमध्ये एफएम क्वचितच असतो, आणि लाखो माणसे एका जागी जमली की इंटरनेटचा भरवसा राहत नाही, तेथे ९१.२ एफएमवर ‘रेडिओ ल माँ’चे इंग्रजी समालोचन अखंड चालते. तिसरी गोष्ट पावसाळी कपडे, आणि त्यांच्या आत घालायला एक स्वेटर. जूनच्या सुरुवातीला जांभळी नाक्याच्या बाजारात रेनकोटचे ढीग लागलेले असतातच, त्यामुळे ठाणेकराला त्यासाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही, मात्र तेथील पाऊस आपल्या पावसासारखा उबदार नसतो. खाण्यासाठी चिवडा, भाकरवडी, डिंकाचे लाडू यांचा मोठा आधार होतो. शाकाहारी माणसाला तेथे तळलेले बटाटे, क्रेप आणि पाव यांवर दिवस काढावे लागतात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेण्यावर बंदी आहे, म्हणून पेढे आणि खवा घरीच ठेवावेत.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून वेगवान रेल्वेने ल माँ गाठायला साधारण तासभर लागतो, आणि स्थानकापासून टी-१ ही ट्राम थेट ट्रॅकजवळच्या शेवटच्या थांब्यापर्यंत नेते. आम्ही परिसरातील एका खासगी तळावर आधीच उभारून दिलेला तंबू घेतला होता. शहरातील हॉटेलांपेक्षा हा पर्याय मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण चालत जाण्याच्या अंतरावर झोपण्याची जागा असली तरच झोपेचे वेळापत्रक पाळता येते. शक्य असल्यास गुरुवारीच पोहोचावे. गुरुवारी रात्री सराव असतो, त्यामुळे अंधारातील गाड्या पाहण्याची एक फेरी शर्यतीआधीच होऊन जाते. शुक्रवारी ट्रॅकवर शर्यत किंवा सराव नसतो, पिटची गल्ली लोकांसाठी खुली केली जाते आणि संध्याकाळी शहरातून चालकांची मिरवणूक निघते. मिरवणुकीत आपल्यापैकी कोणी आहे का, असे शेजारच्या आजोबांनी मला नंतर ठाण्यात विचारले. त्या वर्षी कोणी नव्हते, परंतु २०१२ मध्ये भारतीय चालक करुण चंढोक या शर्यतीत एकंदर सहावा आला होता, हे ऐकून त्यांना बरे वाटले.

आता मुख्य मुद्दा: कोठे आणि केव्हा उभे राहावे. शर्यत सुरू होताना मुख्य स्टँडसमोर फार रेटारेटी असते. त्या वर्षी झेंडा दाखवायला फ्रान्सचा माजी फुटबॉलपटू झिनेदिन झिदान आला होता आणि त्याला पाहण्यासाठीच अर्धी गर्दी लोटली होती. आम्ही डनलॉप पुलाच्या चढावर उभे राहिलो, जेथे सगळा ताफा एकत्र वर चढताना आणि पुढे उतारावर वळताना दिसतो. पहिला तास तेथे काढून मग तेर्त्र रूजच्या वळणाकडे सरकावे. येथून गाड्या ज्या लांब सरळ रस्त्याला लागतात तो एरवी सार्वजनिक रहदारीचा रस्ता आहे, आणि वेग आवरण्यासाठी १९९० मध्ये त्यावर दोन नागमोडी अडथळे घालण्यात आले. पोर्शे वळणांच्या बाजूचे गवताचे उतार संध्याकाळी उत्तम. तेथे बसून डबा खाता येतो आणि गाडी कोणत्या चालकाच्या हातात आहे याचा अंदाज तिच्या डोलण्यावरून बांधता येतो. निदान भाच्याचा तसा दावा होता.

अंधार पडल्यावर मात्र आर्नाजला जावेच. जूनच्या मध्यावर तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवण उरकून निघायला भरपूर वेळ मिळतो. आर्नाज हे ट्रॅकवरील सर्वांत मंद वळण आहे. अतिवेगाने आलेली गाडी तेथे जवळजवळ थांबल्यासारखी होते, आणि चाकांच्या आत तापून लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या स्पष्ट दिसतात. मुख्य भागापासून हे ठिकाण दूर असल्याने जाण्यायेण्याचा वेळ आधी विचारून ठेवावा. दिवसभरात आम्ही जेवढी छायाचित्रे काढली त्यांतील एकही आर्नाजच्या त्या तासाजवळ पोहोचत नाही, आणि तेथे काढलेली तर सगळीच हलली आहेत. अंधारात कुंपणावर चढून किंवा हात बाहेर काढून छायाचित्रे घेणारे काही जण तेथेही भेटतात. १९५५ मध्ये याच ट्रॅकवर एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि आजचे उंच कुंपण व दूर सरकवलेले उतार यांच्यामागे तो इतिहास आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मध्यरात्रीनंतर आम्ही तंबूत जाऊन झोपलो. पहाटेपूर्वी जोराचा पाऊस आला, सर्वांचा वेग आवरणारी सेफ्टी कार ट्रॅकवर आली आणि चार तासांहून अधिक काळ सगळ्या गाड्या तिच्यामागे रांगेत फिरत राहिल्या. जे रात्रभर जागले ते त्या वेळी प्लास्टिकचे कपडे पांघरून एक संथ मिरवणूक पाहत होते. आम्ही सकाळी उठून रेडिओ लावला तेव्हा शर्यत पुन्हा सुरू होण्याच्या बेतात होती. अर्थात दर वर्षी पाऊस आपल्या झोपेच्या वेळीच येईल असे नाही. परंतु चोवीस तासांत असा निवांत काळ कधीतरी येतोच, आणि तो ओळखण्यासाठी रेडिओवरचे दोनतीन शब्द कळले पाहिजेत. ‘स्लो झोन’ म्हणजे ट्रॅकच्या एका तुकड्यापुरती ताशी ८० किलोमीटरची मर्यादा. तेवढ्यासाठी जागा सोडू नये, कारण ती लवकर उठते. ‘सेफ्टी कार’ हा शब्द ऐकू आला तर मात्र चहा प्यायला, स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहायला किंवा दुसऱ्या वळणाकडे निघायला हरकत नाही.

सकाळी परत ट्रॅकवर आल्यावर गाड्या ओळखू येईनाशा होतात, इतकी काजळी, चिखल आणि चिकटपट्ट्या त्यांच्यावर जमलेल्या असतात. या वेळेपासून आपल्या तीनही गटांतील एकेक गाडी निवडून तिचाच पाठपुरावा करावा. भाच्याने ५० क्रमांकाची फेरारी धरली होती. शेवटच्या दोन तासांत तिचे दार नीट बंद होईना म्हणून तिला पिटमध्ये यावे लागले, तेव्हा तो माझ्याशी बोलेनासा झाला. तीच गाडी ३११ फेऱ्यांनंतर जिंकली, आणि दुसऱ्या आलेल्या टोयोटापेक्षा केवळ १४ सेकंदांनी पुढे होती. गर्दी टाळण्यासाठी तासभर आधी निघण्याचा विचार अनेक जण करतात. २०१६ मध्ये आघाडीवरची टोयोटा अवघी काही मिनिटे उरली असताना मुख्य स्टँडसमोर बंद पडली आणि पोर्शे जिंकली, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. शेवटचा अर्धा तास मुख्य स्टँडच्या परिसरात असावे, कारण त्यानंतर प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात आणि विजेत्यांचा सत्कार खाली रस्त्यावर उभे राहून पाहता येतो.

रविवारी रात्रीचे परतीचे विमान मुळीच ठेवू नये. ट्रामच्या थांब्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. ती रात्र तंबूतच काढून सोमवारी सकाळी ल माँहून थेट शार्ल द गोल विमानतळावर जाणारी रेल्वे घ्यावी, आणि तिचे आरक्षण शर्यतीच्या तिकिटांबरोबरच करून ठेवावे.