लॉख ऑ मधला फेरॉक्स आणि त्याचे सहा खवले

खूप दिवसांनी लिहितोय. मार्चपासून डोक्यात होतं पण ऑफिस, पोरीची शाळा, आणि खरं सांगायचं तर जे झालं ते नीट शब्दात उतरेल की नाही ही धाकधूक, त्यामुळे राहूनच गेलं. आज बसलोच.

मी मूळचा चिपळूणचा, वाशिष्ठीच्या काठावर वाढलेला. रविवारी बाबांबरोबर गरवायला जायचो, बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गरी, डब्यात गांडुळं आणि मरळीसाठी छोटा बेडूक. आमच्या नदीचं एक आहे, वर पोफळीचं पॉवरहाऊस चालू झालं की कोयनेचं पाणी खाली येतं आणि ऐन मे महिन्यातसुद्धा नदी चढते, बाबा दगडावरची ओली रेघ बघून सांगायचे की चल, आता उठायचं. हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे चार वर्षांपूर्वी ग्लासगोहून पहिल्यांदा लॉख ऑ ला गेलो (लॉख म्हणजे इकडे तळं) तेव्हा समोर बेन क्रुआखन डोंगर होता, आणि कळलं की त्याच्या पोटात १९६५ पासून पॉवरहाऊस आहे, वीज जास्तीची असते तेव्हा तळ्यातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं, आपल्या घाटघरला करतात तसंच. परक्या देशात एकदम घरचं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, आणि मी त्या तळ्याला जो चिकटलो तो चिकटलोच.

लॉख ऑ साधारण ४१ किलोमीटर लांब आहे, रुंदी बऱ्याच ठिकाणी जेमतेम किलोमीटरभर, आणि खोली काही ठिकाणी ९० मीटरच्या वर. पाणी काळं दिसतं. घाण नाहीये, स्वच्छ आहे, पण डोंगरावरच्या पीटमधून (कुजलेल्या झाडपाल्याची काळी दलदलीची माती) येतं म्हणून चहाच्या रंगाचं. या पाण्यात साधा ब्राऊन ट्राउट मासा भरपूर आहे, पाव किलो, अर्धा किलो, काठावर किडे खाऊन जगणारा. आणि त्याच पाण्यात, खाली, फेरॉक्स आहे.

फेरॉक्स म्हणजे लॅटिनमध्ये क्रूर, उग्र. सर विल्यम जार्डिन नावाच्या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने १९व्या शतकात त्याला वेगळी जात मानून हे नाव दिलं. नंतर बराच काळ लोक म्हणायचे की वेगळी बिगळी काही नाही, साधाच ट्राउट मासे खायला लागला की मोठा होतो. यात तथ्य आहेच, साधारण ३०-३५ सेंटिमीटरचा झाला की हा मासा किडे सोडून माशांवर जातो आणि मग त्याची वाढ एकदम सुटते. पण २००६ साली लॉख ऑ आणि लॉख लॅगनच्या ट्राउटचा जनुकीय अभ्यास आला आणि त्यात दिसलं की तिथले फेरॉक्स बाकीच्या ट्राउटपासून वेगळं प्रजनन करतात, म्हणजे एकाच पाण्यात राहून दोघांची घराणी वेगळी. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे आर्क्टिक चार (आकडा नाही, माशाचं नाव आहे). हिमयुग संपताना बर्फ मागे सरकला तेव्हा हा चार मासा समुद्रातून वर आला आणि या खोल थंड तळ्यांमध्ये कायमचा राहिला, म्हणजे झाली की दहा-एक हजार वर्षं. खोल पाण्यात थव्याने फिरतो, बारीक प्लँक्टन खातो, त्याच्या मागे फेरॉक्स. त्यामुळे फेरॉक्स शोधायचा म्हणजे आधी चार शोधायचा. आयर्लंडमधल्या लॉख कॉरिबमध्ये चार संपला, तिथले फेरॉक्स आता बाहेरून आलेल्या रोच माशांवर जगतायत, पण सगळ्याच तळ्यांत अशी दुसरी सोय नसते आणि पाणी तापतंय तसं चारचं अवघड होत चाललंय. याची मला खरंच काळजी वाटते.

आता माझे गुरू. ऑफिसमधून रिटायर झालेले एक स्कॉटिश गृहस्थ, वय ७१, इकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो पण मनात काकाच म्हणतो, तर इथे पण काका. त्यांची १६ फुटी बोट आहे. पहिल्या दिवशी काकांनी एकच विचारलं, तुला संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाता येतं का? मी हो म्हटलं. तीन सीझन तेच केलं.

पद्धत सांगतो, कारण आपल्याकडे नदीत-तळ्यात असं कोणी करताना मी पाहिलं नाही. ट्रोलिंग म्हणतात याला. बोट हळूहळू चालवायची, अगदी चालण्याच्या वेगापेक्षाही कमी, आणि मागे आमिष ओढत राहायचं. आमिष म्हणजे छोटा मेलेला ट्राउट, किंवा लाकडी नाहीतर प्लास्टिकचा मासा. (जिवंत मासा आमिष म्हणून लावायला स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंदी आहे, लहानपणी बेडूक लावणाऱ्या मला हे मुद्दाम शिकावं लागलं.) मेलेला मासा गळाच्या तारेवर असा किंचित वाकडा बसवायचा की ओढल्यावर तो डुलत, गोल फिरत जातो, जखमी माशासारखा. हे बसवणं हीच खरी कला आहे, काका एक मासा बसवायला दहा मिनिटं घेतात, बोटीच्या बाजूला पाण्यात ओढून बघतात, नाही पटलं तर परत काढतात, बोटं गारठून निळी झाली तरी. आणि खोल न्यायला डाउनरिगर. म्हणजे बोटीला एक छोटी चरखी, तिच्यावर स्टीलची तार, तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. आपली दोरी त्या गोळ्याजवळ एका क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा, त्यामुळे रॉड सतत कमानीसारखा वाकलेला राहतो. माशाने ओढलं की क्लिप सुटते आणि रॉड टाणकन सरळ होतो. त्या एका क्षणासाठी दिवसभर रॉडच्या टोकाकडे बघत बसायचं. समोर इको साउंडरचा स्क्रीन असतो, त्यावर चारचे थवे ढगांसारखे दिसतात, आणि कधीतरी ढगाच्या खाली एक जाड कमान. काका काही बोलत नाहीत, फक्त बोट ठेवून दाखवतात.

याच तळ्यात मार्च २००२ मध्ये ब्रायन रटलंड यांनी ३१ पौंड १२ औंसाचा, म्हणजे १४.४ किलोचा फेरॉक्स पकडला आणि तो ब्रिटनचा ब्राऊन ट्राउटचा रेकॉर्ड झाला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. मला पण होता.

यंदा सीझन १५ मार्चला उघडला आणि आम्ही त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी गेलो. पाणी ६ डिग्री, डोंगरावर अजून बर्फ, किलखर्न किल्ल्याच्या भिंती धुक्यात अर्ध्या दिसत होत्या. सकाळी सातला सुरू केलं. दुपारी एकपर्यंत काहीच नाही. मी थर्मासमधला चहा ओतत होतो, हातात कप, आणि डावीकडचा रॉड सरळ झाला.

मरळ गळाला लागली की झटका देते, धडपडते, गवतात घुसते. हे तसलं काही नव्हतं. नुसतं वजन. वाटलं तळाला लाकूड अडकलं, मग ते लाकूड हळू डोकं हलवायला लागलं आणि ते डोकं हलवणं दोरीतून थेट माझ्या कोपरापर्यंत येत होतं. काका इंजिन बंद करून फक्त एवढंच म्हणाले, घाई नको. दोनदा तो खाली गेला, रील किरकिरत होतं, मी काही केलं नाही, करूच शकत नव्हतो. खोलातून आणलेल्या काही माशांची वाताशयं फुगतात आणि ते सोडले तरी खाली जाऊ शकत नाहीत, ट्राउट हवा तोंडावाटे सोडू शकतो म्हणून त्याला तो धोका कमी, तरी वर हळूच आणायचा. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. मग काळ्या पाण्यात एक पितळी रंग उलटला आणि मला पहिल्यांदा त्याचं डोकं दिसलं. केवढं ते डोकं! खालचा जबडा वर वळलेला, गालावर मोठे काळे ठिपके, आणि डोळा शांत.

जाळीतच, पाण्यात ठेवूनच गळ काढला. ओल्या झोळीत वजन केलं, ११ पौंड, म्हणजे ५ किलो. काकांनी चिमट्याने पाठीच्या परामागून, बाजूच्या रेषेच्या वरचे सहा खवले काढून कागदाच्या पाकिटात ठेवले आणि मी डाव्या बाजूचा एक फोटो काढला. मग त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून राहिलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. बोटं बधिर झाली होती. शेपटीने एकदा जोर लावला आणि गेला.

खवल्यांचं पुढच्या आठवड्यात बघितलं. काकांकडे जुना मायक्रोस्कोप आहे. माशाचा खवला झाडाच्या बुंध्यासारखा असतो, हिवाळ्यात वाढ मंदावते तेव्हा रेघा दाट होतात, उन्हाळ्यात विरळ, तशी वर्षं मोजायची. आतली सात वर्षं इतकी बारीक, एकमेकांना खेटून, म्हणजे सात वर्षं हा किडे खाणारा साधा बारका ट्राउट होता, कोणी बघितला असता तर दुर्लक्ष केलं असतं. आणि आठव्या वर्षी रेघा एकदम लांब लांब. त्या उन्हाळ्यात त्याने पहिला चार गिळला असणार. मी ती जागा परत परत बघत होतो. एकूण १४ वर्षं मोजली, कमीत कमी, कारण म्हाताऱ्या माशांच्या खवल्यांवर कडेच्या रेघा नीट उमटत नाहीत आणि वय कमीच भरतं, कानातल्या हाडावरून अचूक कळतं पण त्यासाठी मासा मारावा लागतो. चौदा वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी रत्नागिरीच्या एसटीत बसलो होतो.

त्याच रात्री काकांनी मला लॉख रॅनॉखच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९८५ मध्ये काही जणांनी फेरॉक्स-८५ नावाचा गट काढला, गळ टाकणारे आणि मासे अभ्यासणारे एकत्र. पुढे रॅनॉखवर १६ वर्षं गळाने फेरॉक्स पकडून, खूण करून, परत सोडून मोजणी झाली. तळं १९ चौरस किलोमीटरचं. त्यात मोठ्या फेरॉक्सचा अंदाज निघाला ७१. एकाहत्तर! आमच्या सोसायटीच्या गणपतीला यापेक्षा जास्त माणसं आरतीला असतात. म्हणजे एका सीझनमध्ये दहा जणांनी एकेक मासा भिंतीवर लावायला नेला तर काय उरेल हे बघा. मी मासे खाणाऱ्या घरातला आहे, बांगडा आणि सुरमईशिवाय माझं जेवण होत नाही, पण हा मासा मी मारू शकत नाही, आणि जे मारतात त्यांनी आधी एकदा खवला मायक्रोस्कोपखाली बघावा असं मनापासून वाटतं.

घरी फोन केला. आईने आधी विचारलं, केलंत काय त्याचं, आमटी की तळलात. सोडला म्हटल्यावर ती जरा गप्पच झाली. मग बाबांनी फोन घेतला. त्यांना सगळं सांगितलं, सात वर्षं, आठवं वर्ष, एकाहत्तर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पिल्लं लाल असताना, तळ्यावर लाल गोळा फिरत असतो ना, तेव्हा खाली मरळ राखणीला असते, तेव्हा तुझे आजोबा गरी टाकू द्यायचे नाहीत. मला आठवत नव्हतं हे. बाबा पुढे म्हणाले, तुझा तो परत भेटला तर ओळखशील काय रे?

ओळखीन म्हटलं. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात. याच्या डाव्या गालावर तीन ठिपके एका ओळीत आहेत आणि चौथा जरा खाली सरकलेला. फोटो प्रिंट करून काकांच्या बोटीच्या डब्यात ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत.