प्रगतीनोंद: दुसऱ्याची खेळी खेळणारे हात

आमच्या बोर्डगेम गटात नव्या स्त्रियांना मोकळेपणाने खेळता यावे यासाठी चाललेल्या कामाची ही नोंद महिनाअखेरीस लिहायची ठरले होते; परंतु कालच्या बैठकीत ‘पँडेमिक’ या सर्वांनी मिळून खेळायच्या खेळाच्या टेबलावर जे घडले, त्यामुळे ती आजच लिहीत आहे. प्रथमच आलेल्या एका खेळाडूची पाळी आली आणि तिने हातातले पत्ते नीट पाहण्याआधीच इतरांनी तिच्या चारही क्रिया आपसांत ठरवून टाकल्या. एकाने तर तिचे प्यादेही उचलून हलवले. त्याच टेबलावर तितकाच नवखा एक तरुण होता. त्याच्या कच्च्या खेळीला मात्र ‘करून बघ’ असे उत्तर मिळाले. अल्फा खेळाडूंचा, म्हणजे इतरांच्या खेळी स्वतःच ठरवणाऱ्यांचा, जाच सर्वांनाच होतो हे खरे, पण तो आधी कोणाच्या वाट्याला येतो, हे या दोन पाळ्यांत स्वच्छ दिसले.

मागील नोंदींतील इतर कामे मार्गी लागली आहेत. आचारसंहिता दारातच वाचायला मिळते, तक्रार ऐकणाऱ्या दोघांपैकी एक स्त्री आहे आणि बैठक जाहीर केलेल्या वेळीच संपते. नियम समजावण्याचे काम आता आळीपाळीने होते. ‘विंगस्पॅन’ या पक्ष्यांवरील खेळाची सूत्रे या वेळी एका अशा सदस्येकडे होती, जी पूर्वी केवळ ऐकत असे, खाद्याचे फासे, अंडी आणि पत्ते यांचा मेळ तिने इतक्या क्रमाने उलगडला की पहिल्या फेरीत कोणालाही नियमपुस्तिका उघडावी लागली नाही. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र स्त्री आली की तिच्यापुढे पक्ष्यांचाच खेळ ठेवायचा, ही सवय मोडली पाहिजे. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या या खेळाला 2019 चा ‘केनरश्पील देस यारेस’ हा जाणकारांच्या खेळांसाठीचा जर्मन पुरस्कार मिळाला, तो त्याच्या रचनेसाठी. तो ‘बायकांसाठीचा खेळ’ म्हणून पुढे करणे हा खेळाचाही अवमान आहे आणि खेळाडूचाही. तिला युद्धाचा खेळ हवा असेल, तर तो मांडावा.

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘विचारल्याशिवाय सल्ला नको’ हा हाउस रूल (गटाने स्वतः ठरवलेला नियम) आम्ही लावून पाहिला. त्याचा परिणाम एवढाच झाला की प्रत्येक पाळीला ‘सांगू का?’ असा प्रश्न येऊ लागला आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर दर वेळी ‘नको’ म्हणण्याचे ओझे नव्या खेळाडूवर पडले. वाळूचे घड्याळ वापरून चर्चा आटोक्यात ठेवण्याची सूचनाही आली होती. या कामी ते साधन मला सर्वस्वी चुकीचे वाटते, कारण वेळेचा ताण नवख्यालाच सर्वाधिक जाणवतो आणि सल्लागारांना आयते निमित्त मिळते.

त्यानंतर बोलण्यावर खेळाचाच निर्बंध असलेले को-ऑप, म्हणजे सर्वांनी मिळून जिंकायचे, खेळ घेतले. 2013 चा ‘श्पील देस यारेस’ (जर्मनीतील ‘वर्षाचा खेळ’ पुरस्कार) मिळवणाऱ्या ‘हनाबी’कडून मोठी अपेक्षा होती: आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत आणि इशारे मोजकेच देता येतात. तोंडे बंद झाली, परंतु उसासे आणि कपाळावरच्या आठ्या बंद झाल्या नाहीत. शिवाय जुन्या खेळाडूंचे इशाऱ्यांचे अलिखित संकेत ठरलेले असतात. ते नवीन व्यक्तीला कोणी सांगत नाही आणि ते न पाळल्याचा दोष मात्र तिलाच लागतो. म्हणजे दादागिरी बोलण्यातून संकेतांत शिरली.

‘द क्रू’ या मोहिमांच्या को-ऑप पत्त्यांच्या खेळाने खरी वाट दाखवली. येथे प्रत्येक मोहिमेत एकदाच एक पत्ता उघडा ठेवून तो आपल्याकडील त्या रंगाचा सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकमेव आहे, हे टोकनने दाखवता येते. बाकीचे पत्ते झाकलेले असल्यामुळे दुसऱ्याची खेळी ठरवणे जवळजवळ अशक्य होते. चार क्रमांकाचा रॉकेटचा पत्ता ज्याच्या हाती येतो तो कमांडर, आणि कार्य (कोणता पत्ता आपण जिंकायचा ते) निवडण्याचा पहिला मान त्याचा. त्या टेबलावर एक नवी सदस्या सलग दोन मोहिमांत कमांडर झाली आणि दोन्ही यशस्वी झाल्या. तिने शेवटच्या डावात स्वतःहून अवघड कार्य उचलले, तेव्हा कोणीही मध्ये पडले नाही.

पुढची बैठक केवळ अशाच खेळांची ठेवावी, असे येथपर्यंत लिहिताना मनात होते. पण तसे केल्यास ‘पँडेमिक’सारखे मोकळ्या चर्चेचे खेळ नव्या स्त्रियांपासून दूर राहतील, आणि वागणे सुधारण्याऐवजी आपण केवळ खेळ बदललेला असेल. म्हणून बेत बदलते: ‘पँडेमिक’ मांडायचाच, मात्र त्या टेबलावर स्वतः न खेळणारा एक यजमान बसवायचा. हस्तक्षेप त्याने थांबवायचा. नवख्या खेळाडूने नव्हे. यजमान कमी पडल्यास टेबले कमी मांडू.

यजमानासाठी एक छोटे कार्ड तयार करत आहे. तूर्त त्यावरील मजकूर असा आहे: ‘ज्याची पाळी, त्याचे बोलणे आधी. ज्याचे प्यादे, त्याचाच हात. नियमाची शंका यजमानाला विचारावी. डावपेच कोणीही न मागता सांगू नये.’ आपल्या गटात हे वापरून पाहिल्यास कोणते वाक्य टेबलावर टिकत नाही, ते अवश्य कळवावे. छपाईपूर्वी बदल करता येईल.