मनीचं ऑपरेशन संक्रांतीच्या आत

मांजरीची नसबंदी करायची, हे आमच्या घरात लवकर ठरलं. ती कधी करायची, यावर मात्र गणपतीपासून चर्चा सुरू होती. मनी आणि भुऱ्या ही बहीण-भावाची जोडी पावसाळ्यात आमच्याकडे आली, तेव्हा दोघं जेमतेम दीड महिन्यांची होती. सांगलीत आमच्या ओळखीच्या ज्या ज्या घरांत मांजर आहे, तिथे मी विचारत सुटले. कुणी म्हणालं सहा महिने पुरे होऊ द्या, कुणी म्हणालं वर्षाची होऊ दे, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं की एक वेत तरी होऊ द्यायला हवं.

आमच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. "अगं, बाईचा जन्म आहे तिचा. एकदा तरी आई होऊ दे, मग काय करायचं ते कर." त्यांच्याशी वाद घालणं मला कधी जमलं नाही आणि या बाबतीत घालायचाही नव्हता, कारण त्या बोलत होत्या ते मायेनेच. मी फक्त डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत घेऊन गेले.

आम्ही ज्यांच्याकडे लस द्यायला जात होतो, ते डॉक्टर शांतपणे समजावून सांगणारे आहेत. सासूबाईंचा प्रश्न ऐकून ते हसले नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली. त्यांनी सांगितलं ते असं. मांजरीला पिल्लं झाली नाहीत म्हणून तिला कसली उणीव भासत नाही, आणि एका बाळंतपणाने तिच्या तब्येतीला काही फायदाही होत नाही. उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. मांजरींमध्ये या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत काहीच फायदा दिसला नाही. गर्भपिशवीत पू होण्याचा आजार असतो, तोही पिशवीच काढल्यावर होण्याचा प्रश्न राहत नाही. त्याच देशातल्या पशुवैद्यकांच्या मोठ्या संघटनेने २०१७ साली पाळीव मांजरांची नसबंदी पाच महिन्यांच्या आत करावी या शिफारशीला पाठिंबा दिला आहे.

पाच महिने ऐकून मीच दचकले. एवढंसं पोर, हातात धरलं तर बरगड्या लागतात, त्याला भूल कशी द्यायची? त्यावर डॉक्टरांचं उत्तर होतं की वय आणि वजन दोन्ही बघायचं. ती नीट खाती-पिती असेल, लसी झाल्या असतील, वजन दोन किलोच्या आसपास असेल आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला असेल, तर लहान वयात जखम उलट लवकर भरते. भुऱ्याबद्दल मला वेगळीच भीती होती. बोक्याचं लवकर केलं तर लघवीची नळी अरुंद राहते आणि पुढे लघवी तुंबते, असं मी ऐकलं होतं. लहानपणी आणि मोठेपणी नसबंदी झालेल्या बोक्यांच्या नळ्या मोजून पाहिल्या गेल्या आहेत आणि त्यात फरक आढळलेला नाही, हे कळल्यावर ती भीती गेली.

आमच्या घरात घाईचं खरं कारण मात्र भुऱ्याच होता. मांजरांना नातं कळत नाही. मादी चार महिन्यांतही माजावर येऊ शकते, बोका पाच-सहा महिन्यांत वयात येतो. आमच्याकडे गाई-म्हशींचा माज सगळ्यांना ठाऊक असतो, मांजरीचं गणित निराळं असतं. तिच्यात बीज बहुतेक वेळा मीलन झाल्यावरच सुटतं, त्यामुळे एकदा संबंध आला की ती गाभण राहण्याची शक्यता फार. नाही आला तर आठवडाभर लोळणं, शेपटी बाजूला करून मागचा भाग वर करणं, रात्रभर ओरडणं चालतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दोन महिन्यांत पिल्लं. ती पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते.

यात उजेडाचा संबंध आहे, हे मला नव्याने कळलं. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फारच लहान, म्हणून तिथे त्या काही महिने शांत असतात. आपल्याकडे डिसेंबरातला लहानात लहान दिवसही अकरा तासांचा असतो, त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू. म्हणजे घरातल्या मांजरीला हिवाळा असा लागतच नाही. तरीही संक्रांतीनंतर दिवस जाणवण्याइतका वाढला की दवाखान्यात माजावर आलेल्या मांजरींची रांग लागते, असं डॉक्टर म्हणाले. माज चालू असताना तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून ते शक्यतो माज ओसरल्यावर ऑपरेशन करतात. तोवर घरात बोका असेल तर काय होणार, हे सांगायला नको.

मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. दिवाळीच्या आधी करावं तर मनीचं वजन कमी होतं. शिवाय दिवाळीत फटाक्यांनी ती दोघं कपाटामागे जाऊन बसणार, टाके घातलेल्या मांजरीला तशी धावपळ नको. म्हणून ठरलं की तुळशीचं लग्न झालं, फटाके थांबले, की लगेच. काहीही झालं तरी संक्रांतीच्या आत.

सासूबाईंचं मन कशाने वळलं ते सांगायला हवं. टक्केवारीने ते वळलं नव्हतं. एका दुपारी त्या ताटात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मनी त्यांच्या पदराशी खेळत होती. डाळ निवडता निवडता त्या आपल्या माहेरच्या मांजरीबद्दल बोलायला लागल्या. वाळवा तालुक्यातलं घर, माळ्यावर भाताची पोती, त्या पोत्यांमागे मांजर वर्षातून दोनदा व्यायची. पिल्लांचे डोळे उघडले की घरातला गडी त्यांना पोत्यात घालायचा आणि ओढ्यापलीकडे सोडून यायचा. "ती चार-चार दिवस हुडकायची गं त्यांना. सगळ्या खोल्यांतून ओरडत फिरायची. आम्ही पोरी कानांवर हात ठेवून झोपायचो." ताटातले खडे बाजूला करत त्या एवढंच बोलल्या. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "डाक्टरला फोन कर, तारीख घे."

मधल्या काळात दोन सल्ले आले, ते दोन्ही आम्ही नाकारले. पहिला होता माज थांबवण्याच्या इंजेक्शनचा. प्राण्यांचं सामान विकणाऱ्या एकाने सांगितलं की ऑपरेशनची भानगड कशाला, एक सुई दिली की काही महिने निवांत. ही हार्मोनची सुई असते. तिने गर्भपिशवीत पू होणं, स्तन सुजणं, मधुमेह असे त्रास होऊ शकतात. स्वस्त आहे म्हणून लोक देतात आणि मग तीच मांजर सुजलेलं पोट घेऊन दवाखान्यात येते. कुणी हा पर्याय सुचवला तर कृपा करून आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा सल्ला टेक्सासमधल्या माझ्या मावसबहिणीचा. तिने तिकडे निवाऱ्यातून आणलेल्या मांजरीची पुढची नखं आधीच्या मालकांनी काढून टाकलेली आहेत. मनीने सासूबाईंच्या हातावर ओरखडे काढलेले व्हिडिओ कॉलवर दिसले, तेव्हा ती म्हणाली, "भूल देणारच आहात तर नखांचंही करून घ्या." त्यांची कातडी वयामुळे पातळ झाली आहे, जरा लागलं तरी रक्त येतं, त्यामुळे ही चिंता खरी होती. पण नखं काढणं म्हणजे नुसतं नख उपटणं नव्हे. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच वाढतं, म्हणून ते हाडच सांध्यातून कापावं लागतं. दहाही बोटांची शेवटची पेरं. पुढे पाय दुखतो, वाळूत पाय टाकला की टोचतं, मग मांजर ट्रे सोडून गादीवर घाण करायला लागतं. नखं नसल्यामुळे चावायला लागतं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हे करू देत नाहीत, इस्रायलने २०११ साली बंदी घातली, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव विनाकारण छाटणं हा गुन्हाच आहे. आमच्या डॉक्टरांनी तर विषय पुरता ऐकूनही घेतला नाही. मावसबहिणीला हे सगळं सांगितल्यावर ती गप्प झाली. तिची मांजर सारखे पाय चाटत बसते, ते का, हे तिला त्या दिवशी उमगलं.

नखांवर उपाय साधा निघाला. लाकडी खांबाला सुंभ घट्ट गुंडाळून तो सोफ्याच्या शेजारीच उभा केला. कोपऱ्यात नाही, शेजारीच, कारण मांजर झोपून उठल्यावर जवळ दिसेल तिथेच नखं घासतं. जमिनीवर गोणपाटाचा तुकडा. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी टोकं कापायची. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त पांढरं अणकुचीदार टोक कापायचं. गुलाबी भागात रक्त असतं, तिथे कात्री लागता कामा नये. आम्ही हे ती पेंगत असताना करतो, एका वेळी एक पंजा, आणि लगेच खाऊ.

आता ऑपरेशनबद्दल. दोघांचं एकाच दिवशी करायचं ठरवलं, त्यालाही कारण आहे. बोक्याचं ऑपरेशन छोटं, काही मिनिटांचं, बहुतेक वेळा टाकेही लागत नाहीत. पण ऑपरेशननंतर काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. फक्त त्याचं केलं आणि निर्धास्त राहिलो, असं चालत नाही. मनीचं झालं की तो प्रश्नच संपणार होता.

पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, रक्तातली साखर उतरते. किती तास, ते डॉक्टरांनी वयाप्रमाणे सांगितलं आणि आम्ही घड्याळ लावून पाळलं. दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यात नेलं, वर पातळ चादर टाकली. वजन, रक्त, मग भूल. दिवसभर आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. मनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते. मी घाबरून हाक मारली, पण त्या भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात. पापणी मिटत नसल्याने बुबुळ सुकू नये म्हणून मलम घातलं होतं, त्याने डोळे तुपकट चमकत होते. पोटावरचे केस काढलेली जागा माझ्या तळहाताएवढी, आणि त्यात छोटीशी शिवण. अंग गार पडतं, म्हणून घरी येताना तिच्या बाजूला रुमालात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवली.

दुखू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध थेंब मोजून द्यायचं होतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला अजिबात देऊ नका, चतकोरसुद्धा नाही. त्यांच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि एका गोळीने मांजर दगावू शकतं. आपल्या घरांत ही गोळी हाताशी असते, म्हणून लिहिते आहे.

ज्याची कुणी कल्पना दिली नव्हती, ते रात्री घडलं. भुऱ्या सकाळपर्यंत बहिणीच्या अंगावर झोपणारा, तो तिच्यावर फिसकारायला लागला. कान मागे, पाठीची कमान. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास होता आणि त्याला ती परकी वाटत होती. सासूबाईंनी मनीला आपल्या खोलीत घेतलं, दार लावलं. एकच जुना सुती रुमाल आधी त्याच्या गालांवरून, मग तिच्या मानेवरून फिरवायचा, असं दोन्हीकडे चालू ठेवलं. काही दिवसांनी दाराच्या फटीतून पंजे खेळायला लागले, तेव्हा दार उघडलं.

टाके चाटू नयेत म्हणून दिलेली गळ्यातली कॉलर घालून मनी उलटी-उलटी चालायची, पाण्याच्या वाटीपर्यंत पोचायची नाही. मग सासूबाईंनी जुन्या बनियनची बाही कापून, पायांसाठी चार भोकं पाडून अंगरखा शिवला. टाके झाकले गेले आणि ती नेहमीसारखी चालायला लागली. रोज दोनदा टाके बघायचे, लाली, सूज, पाणी काही दिसतं का. एका दिवसाहून जास्त खाल्लं नाही, सारखी उलटी झाली किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रात्र असली तरी फोन करायचा, असं ठरलं होतं. तशी वेळ आली नाही. दहा-बारा दिवसांनी टाके निघाले.

त्यानंतर दोघांची भूक वाढली. नसबंदीनंतर शरीराला लागणारं अन्न कमी होतं आणि खावंसं मात्र जास्त वाटतं, त्यामुळे भरलेली वाटी दिवसभर ठेवायची सवय आम्ही मोडली. आता मोजून, दिवसातून तीनदा. दर महिन्याला पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर दोघांचं वजन होतं, गिरणीवाले काका वहीत लिहूनही ठेवतात.

सध्या आमच्या जिन्याखाली एक पट्ट्यापट्ट्यांची मांजर व्यायली आहे. डॉक्टर म्हणाले, पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबा, तिचं दूध आटू द्या, मग आणा. सासूबाई तिला रोज सकाळी त्याच जागी दूध न घातलेला भात आणि सुकटीचं पाणी ठेवतात, म्हणजे पकडायच्या दिवशी ती पिंजऱ्याजवळ यायला बिचकणार नाही. तिचा डावा कान थोडा कापून घेऊ, म्हणजे नसबंदी झाल्याचं कळेल आणि कुणी पुन्हा तिचं पोट उघडणार नाही. पिंजरा गल्लीतल्या एका मुलाकडून मिळणार आहे, आणि तीन पिल्लांपैकी दोन पिल्लांची घरं ठरली आहेत. तिसऱ्यासाठी मी विचारते आहे.