गुडघ्यांची चौकशी आधी, तारखा नंतर : आमची वाटचाल

आमच्याकडे चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "जिने चढायला त्रास नाही ना? रात्री उठावं लागतं का?" समोरचा माणूस जरा गोंधळतो. पण जुन्या वास्तूत मुक्काम करायचा तर हे आधी विचारायलाच हवं, आणि ते आम्ही एक चूक करून शिकलो.

आम्ही तिघं आहोत: मी, माझी पत्नी आणि आमचा आर्किटेक्ट मित्र. जुने तुरुंग, मठ, पाण्याचे मनोरे, दीपगृहं, गुहेतली घरं अशा ठिकाणी जिथे आता मुक्कामाची सोय आहे, तिथली राहण्याची व्यवस्था आम्ही करून देतो.

सुरुवात झाली ती इटलीतल्या मातेरा गावात. मी तेव्हा नोकरीत होतो, कामानिमित्त एक रात्र तिथे राहिलो. डोंगरउतारावर खडकात कोरलेल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबं जनावरांसकट राहत. १९५२ मध्ये कायदा करून ती वस्ती हलवायचं ठरलं. सुमारे पंधरा हजार माणसांना नव्या घरांत जावं लागलं. ज्या वस्तीची देशाला लाज वाटायची, ती १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मी बॅग ठेवली होती तो कोनाडा म्हणजे जुनी गव्हाण होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. इथून उठून गेलेल्या माणसांच्या जागी आपण हौसेने पैसे देऊन झोपलोय, हे मनातून जाईना. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की कोणी राहिलंच नसतं तर हे छत आज शाबूत नसतं. परतल्यावर सहा महिन्यांत नोकरी सोडली.

दुसऱ्या वर्षी ती चूक झाली. सत्तरी ओलांडलेल्या एका जोडप्याला आम्ही एका मनोऱ्यातली खोली घेऊन दिली. फोटो पाहून आम्हीच हरखलो होतो. खोली वर, न्हाणीघर खालच्या मजल्यावर, मधे दगडी चक्री जिना, आणि कठडा म्हणून नुसता एक दोर. काकांनी रात्र तळमजल्यावर खुर्चीत बसून काढली. पैसे आम्ही परत केले, पण पैशांनी ती रात्र भरून येणार नव्हती. पत्नीने त्याच दिवशी ठरवून टाकलं: जिथे आपल्यातलं कोणी एक रात्र झोपलेलं नाही, ती खोली द्यायची नाही. त्यामुळे आमची यादी फार सावकाश वाढली. कितीतरी बुकिंग हातची गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता प्रत्येक खोलीची आमची एक वही असते. पायऱ्या किती, चौकटीची उंची किती, खिडकी उघडते का, मोबाईलला रेंज कुठे येते. जाड दगडी भिंतीतून वायफाय नीट येत नाही. संरक्षित इमारतीत जुनी जमीन कापून लिफ्ट बसवायला बहुधा परवानगीच मिळत नाही. जर्मनीत कोलोन शहरातल्या एकोणिसाव्या शतकातल्या पाण्याच्या मनोऱ्यात १९९० पासून हॉटेल आहे. इमारतच गोल, म्हणून भिंतीही वळलेल्या. स्कॉटलंडमध्ये डनमोरला दगडी अननसाचा घुमट असलेली एक बागेतली वास्तू आहे, १७६१ ची. तिथे बैठकीच्या खोलीतून झोपायच्या खोलीत जायचं तर बाहेर पडून अंगणातून जावं लागतं, पाऊस असला तरी. हे आधी सांगितलं की पाहुणे छत्री घेऊन आनंदाने जातात. न सांगता पाठवलं, तर चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

आमचा मित्र मात्र खोलीत शिरला की आधी कपाटामागे हात घालतो. चुन्याच्या गिलाव्याची भिंत ओल बाहेर सोडते. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, वर चढते आणि काही वर्षांत पोपडे निघायला लागतात. नूतनीकरण चकचकीत असेल आणि हाताला गारठा लागला, तर ती जागा आम्ही सोडून देतो.

तुरुंगांवरून आमच्यात बराच वाद झाला. स्टॉकहोममधला लोंगहोल्मेनचा तुरुंग १९७५ मध्ये बंद झाला आणि १९८९ मध्ये तिथे हॉटेल आलं. आवारात तुरुंगाचं संग्रहालयही आहे. कॅनडातल्या ओटावाचा १८६२ चा तुरुंग १९७२ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रवाशांसाठी वसतिगृह सुरू झालं. तिथे माणसांना फाशी दिली गेली आहे. पत्नीचं म्हणणं होतं की असल्या जागी मौजेचा मुक्काम नकोच. माझं मत वेगळं होतं, आजही आहे: कोठडीची रुंदी अंगाने कळली की जे कळतं, ते नुसतं वाचून कळत नाही. शेवटी ठरलं ते असं, की जिथे इतिहास सरळ सांगितला जातो तिथे पाठवायचं. बेड्या घालून फोटो, भुतांच्या रात्री असला प्रकार असेल तर नाही.

ब्रिटनमधल्या लँडमार्क ट्रस्टकडून आम्ही एक गोष्ट उचलली. १९६५ मध्ये सुरू झालेली ही संस्था पडायला आलेल्या वास्तू दुरुस्त करून मुक्कामाला देते, आणि प्रत्येक वास्तूत पाहुण्यांनी लिहायची वही असते. आमचेही पाहुणे परतल्यावर खोलीच्या वहीत लिहितात, आणि पुढच्या माणसाला आम्ही ते वाचून दाखवतो.

मनोऱ्यातल्या त्या काकांचा तीन वर्षांनी फोन आला. पुन्हा जायचंय म्हणाले. एका जुन्या मठातली तळमजल्याची खोली दिली. परतल्यावर स्वतः येऊन त्यांनी वहीत आमची नोंद खोडली आणि शेजारी लिहिलं: "पायऱ्या दोन नव्हेत, तीन. उंबरठा धरायचा राहिला होता."