रेगेन्सबुर्ग: डॅन्यूबकाठी आईसोबत दोन दिवस

रेगेन्सबुर्गला एक दिवस पुरतो, असं म्युनिकला राहणाऱ्या आमच्या भाच्यानं सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी निघून रात्री परतायचं ठरवून आम्ही गेलो, आणि दुपारी तीन वाजता मी स्टेशनजवळ रात्रीपुरती खोली शोधत होतो. का, ते पुढे येईलच. सोबत आई होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, पण बघायची हौस दांडगी. गाव तिच्या चालीनं पाहिलं, त्यामुळे घाईत नजरेतून सुटलं असतं असं बरंच काही दिसलं.

आधी प्रवासाचं. म्युनिकहून रेल्वेनं साधारण दीड तास, न्यूरेंबर्गहून तासभर. दोघं-तिघं असाल तर 'बायर्न-तिकीट' काढा. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, माणशी थोडी रक्कम वाढते. मात्र ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान आयसीईला नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी वापरता येत नाही. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. ती गाडीत बसण्याआधीच लिहा. सामान असेल तर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका आणि मोकळ्या हातानं गावात शिरा. जुन्या गावात दगडी फरसबंदी आहे, चाकांची बॅग ओढताना हात भरून येतात. सपाट, जाड तळाचे बूट हवेतच.

स्टेशनासमोरच बागेचा एक लांब पट्टा आहे. तिथे गोल खांबांचं एक छोटं स्मारक दिसेल, ते योहानेस केप्लरचं. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा हा माणूस १६३० च्या नोव्हेंबरात सम्राटाकडे थकलेला पगार मागायला घोड्यावरून इथे आला, तापानं आजारी पडला आणि १५ तारखेला गेला. त्याला पुरलं ती दफनभूमी पुढच्या काही वर्षांतच युद्धात उद्ध्वस्त झाली. कबर उरली नाही. ते ऐकून आई बराच वेळ त्या खांबांपाशी उभी होती. "पगारासाठी?" एवढंच म्हणाली.

तिथून माक्सिमिलियनश्ट्रासे हा रस्ता सरळ गावात नेतो. हे गाव रोमन लोकांनी वसवलं. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इसवी सन १७९ मध्ये, डॅन्यूबच्या वळणावर एका अख्ख्या लीजनची, म्हणजे मोठ्या रोमन फौजेची, छावणी बांधली गेली. तिच्या नदीकडच्या वेशीचा, पोर्टा प्रेटोरियाचा, दगडी भाग कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत आजही उभा आहे. पुढे एका इमारतीनं ती कमान भिंतीतच सामावून घेतली, म्हणून ती वाचली.

कॅथेड्रलबद्दल फार लिहीत नाही. १०५ मीटरचे दोन मनोरे, तेराव्या-चौदाव्या शतकातल्या रंगीत काचा, आत थंड काळोख. जाल तेव्हा पहालच. रविवारी असाल आणि शाळांना सुट्टी नसेल तर सकाळच्या मुख्य प्रार्थनेला जाऊन बसा. 'डोमश्पाट्झेन', म्हणजे कॅथेड्रलच्या चिमण्या, हे गायकवृंदाचं नाव. त्याची परंपरा ९७५ मध्ये बिशप वोल्फगांगनं काढलेल्या शाळेपर्यंत मागे जाते. आम्हाला रविवार मिळाला नाही, ती रुखरुख राहिली.

आम्ही खरे रमलो ते जुन्या नगरभवनाच्या दारात. मुख्य दाराशेजारी भिंतीत लोखंडाच्या तीन पट्ट्या ठोकलेल्या आहेत, लहान, मध्यम आणि लांब. प्रत्येकीवर जुन्या जर्मनमध्ये लिहिलंय: शहराचं पाऊल, शहराचा हात, शहराची वाव. बाजारात कापड किंवा दोर घेताना मापात खोट वाटली तर कोणीही इथे येऊन ताडून पाहावं. आईनं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आपला हात मधल्या पट्टीला लावून पाहिला. "हा हात आपल्यापेक्षा चांगलाच मोठा आहे," म्हणाली. मग दोन्ही हात पसरून वाव मोजू लागली. तिच्या माहेरी विहिरीचा दोर वावेनंच मोजत. लोखंड हातांनी गुळगुळीत झालंय. नगर म्हणजे काय, हे मला त्या तीन पट्ट्यांइतकं कुठल्याच संग्रहालयात कळलं नाही. माप एक, सगळ्यांचं, आणि भर रस्त्यावर.

१२४५ पासून हे मुक्त नगर होतं. डोक्यावर राजा किंवा सरदार नाही, थेट सम्राटाशी संबंध. म्हणून पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या संघाची, सभा, राइखस्टाग, इथे भरायची. १६६३ मध्ये भरलेली सभा तर उठलीच नाही. तुर्कांची स्वारी परतवायला पैसा उभा करायचा म्हणून सगळे जमले, एक विषय दुसऱ्यात गुंतत गेला, राजे-महाराजे घरी गेले आणि त्यांचे दूत इथेच राहिले. १८०६ मध्ये साम्राज्यच संपलं, तेव्हा ही सभा संपली. ती जिथे भरायची ते राइखसाल नावाचं दालन नगरभवनात आहे. लाकडी छत, साधे बाक. सम्राटाचं आसन सर्वांत उंच, त्याच्या खालच्या पायरीवर सम्राट निवडणारे राजे, मग बाकीचे सरदार, आणि मुक्त नगरांचे प्रतिनिधी सर्वांत खाली. कोणाचा मान किती, ते पायऱ्या मोजून कळतं. काम पुढे ढकलण्याला जर्मनमध्ये 'लांब बाकावर सरकवणं' म्हणतात, ते इथूनच आलं असं आमची गाइड सांगत होती. आपल्याकडे घोंगडं भिजत पडतं, तसं.

त्याच इमारतीच्या तळघरात चौकशीची खोली आहे, म्हणजे आरोपीचे हाल करून कबुली घ्यायची जागा. अवजारं जागच्या जागी आहेत. लाकडी जाळीमागे नगराचे अधिकारी बसत. वर सभागृह, खाली हे. लहान मुलं सोबत असतील तर विचार करून न्या. आत फक्त गाइडसोबतच जाता येतं आणि इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात. पर्यटक कार्यालय त्याच इमारतीत आहे. गावात शिरल्याबरोबर आधी तिथे जा आणि दिवसभराच्या सगळ्या वेळा लिहून घ्या.

हे मी कळकळीनं सांगतोय, कारण आम्ही तसं केलं नाही आणि नॉयफार्रप्लाट्झखालची फेरी चुकली. तिथे भूमिगत अवशेष आहेत, पण ते ठरावीक दिवशी दुपारी, फेरीसोबतच पाहता येतात. आम्ही पोचलो तेव्हा शुक्रवारची फेरी निघून गेली होती. पुढची शनिवारी. तेवढ्यासाठी मुक्काम केला आणि तो सार्थकी लागला.

नॉयफार्रप्लाट्झ हा जुन्या गावातला एक मोठा चौक. मधोमध चर्च, भोवती दुकानं, खाण्याच्या टपऱ्या. पाचशे वर्षांपूर्वी इथे मोकळी जागाच नव्हती, ज्यूंची वस्ती होती. या गावातल्या ज्यूंचा पहिला उल्लेख ९८१ चा आहे आणि धर्मग्रंथ शिकवणारी इथली त्यांची शाळा दूरवर नावाजलेली होती. ज्यू सम्राटाला कर देत, त्यामुळे त्यांना सम्राटाचं संरक्षण होतं. पुढे गावाचा व्यापार खालावला, कर्ज वाढलं, आणि कॅथेड्रलचा प्रवचनकार लोकांना ज्यूंविरुद्ध भडकवू लागला. १५१९ च्या जानेवारीत सम्राट माक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडला जाण्याआधीची ती फट नगरपरिषदेनं साधली. फेब्रुवारीत ठराव झाला आणि सुमारे ५०० माणसांना भर हिवाळ्यात काही दिवसांत गाव सोडायला लावलं. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाडलं. दफनभूमीतले हजारो दगड उखडून आणले. त्यातले काही लोकांनी विजयाची खूण म्हणून आपापल्या घरांच्या भिंतीत बसवले. हिब्रू अक्षरं कोरलेले ते दगड काही भिंतींवर आजही दिसतात.

हे कुठल्या राजानं केलं नाही. मापाच्या पट्ट्या भिंतीत ठोकणाऱ्या त्याच नगरानं केलं. आल्ब्रेख्त आल्टडोर्फर हा मोठा चित्रकार तेव्हा नगराच्या मंडळावर होता. सिनेगॉग पाडण्याआधी त्यानं तिथली दोन चित्रं, एक प्रवेशदालनाचं आणि एक आतल्या भागाचं, छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर कोरून ठेवली. ती वास्तू कशी होती ते आज जगाला कळतं, ते तिच्या पाडापाडीत सामील असलेल्या माणसाच्या हातामुळे.

१९९५ ते १९९८ या काळात इथे उत्खनन झालं. रोमन अधिकाऱ्यांच्या घरांचे पाये, त्यावर ज्यूंची तळघरं, एका ठिकाणी पुरलेली ६२४ सोन्याची नाणी, आणि या सगळ्याला छेदून गेलेला दुसऱ्या महायुद्धातला हवाई हल्ल्यापासून निवाऱ्याचा गोल भुयारी मार्ग. फेरीत हे सगळं एकावर एक दिसतं. खाली उतरायला जिना आहे आणि आत गारवा असतो, म्हणून अंगात काहीतरी घालून जा. वर, जिथे सिनेगॉग होतं, तिथे दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकारानं २००५ मध्ये पांढऱ्या काँक्रीटमध्ये त्या वास्तूचा आराखडाच जमिनीवर उमटवला आहे. भिंती गुडघाभरही उंच नाहीत. खांबांच्या जागी गोल बुंधे आहेत. कुंपण नाही, पहारा नाही. लोक त्यावर बसून डबा खातात, पोरं एका बुंध्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. आईला आधी ते खटकलं. मग तीही तिथेच बसली, कारण पाय दुखत होते, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या नातवाला तिनं राजगिऱ्याची वडी दिली.

पुढे गावात पुन्हा ज्यू आले. १९१२ मध्ये बांधलेलं सिनेगॉग १९३८ च्या नोव्हेंबरात जाळलं गेलं. आता त्याच जागी नवं आहे. ते २०१९ मध्ये उघडलं, हकालपट्टीला पाचशे वर्षं झाली त्याच वर्षी. चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे, जरूर जाऊन या.

जवळच डाखाउप्लाट्झ आहे. इथे नुसतं थांबायचं. २३ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य जवळ आलं होतं. गाव न लढता स्वाधीन करा, अशी मागणी करत लोक या चौकात जमले, त्यात बायका पुष्कळ होत्या. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर यांनी पुढे होऊन शांतपणे तीच विनंती केली. त्यांना पकडलं आणि रातोरात खटला चालवून २४ तारखेला पहाटे इथेच फाशी दिलं. तीन दिवसांनी गाव न लढताच स्वाधीन झालं. कारखान्यांवर १९४३ पासून बॉम्ब पडले होते, पण जुनं गाव बऱ्याच अंशी शाबूत राहिलं. २००६ पासून ते जागतिक वारसा आहे.

आता पूल. तो मी मुद्दाम संध्याकाळसाठी राखून ठेवला होता, तुम्हीही ठेवा. ११३५ च्या उन्हाळ्यात डॅन्यूबचं पाणी फार खाली गेलं, ती संधी साधून काम सुरू झालं आणि अकरा वर्षांत, ११४६ मध्ये, तीनशे मीटरहून लांब दगडी पूल उभा राहिला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या धर्मयुद्धाचं (क्रुसेडचं) सैन्य या गावातून निघालं. खांबांचा पाया राखायला भोवती दगडाची बेटं आहेत. त्यामुळे पाणी अरुंद वाटांत कोंडतं आणि खाली भोवरे उठतात. वरून पाहताना पाणी उकळतंय असं वाटतं. पोहायचं मनातही आणू नका. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच पुलाचा काही भाग उडवला होता, तो नंतर पुन्हा बांधला. १९९७ मध्ये खासगी मोटारी बंद झाल्या, २००८ मध्ये बसही. २०१० ते २०१८ दुरुस्ती चालली. आज आठशेहून अधिक वर्षांचा हा पूल फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आहे. सायकली मात्र वेगात येतात, वयस्कर माणसाला कडेनं चालवा.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला, सतराव्या शतकातल्या मिठाच्या कोठाराशेजारी, सॉसेजची जुनी खानावळ आहे. भिंतीवर पुराच्या खुणा आणि वर्षं कोरली आहेत, त्यातल्या काही माझ्या डोक्यावर होत्या. २०१३ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या जूनमध्ये नदीनं काठ ओलांडले. जूनमध्ये जाणार असाल तर आधी पाण्याच्या बातम्या बघा. शाकाहाऱ्यांना इथे फारसं काही नाही. इतरत्र केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे मऊ तुकडे, आणि मीठ लावलेला ब्रेत्सेल पाव हमखास मिळतो. बटाट्याच्या कोशिंबिरीत बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं, विचारून घ्या. शनिवारी रात्रीपर्यंत पाणी, फळं, औषधं घेऊन ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात. थोडे सुटे पैसे खिशात असू द्या.

पूल ओलांडला की श्टाड्टआमहोफ. आज हा गावाचाच भाग, पण १९२४ पर्यंत वेगळं नगर होतं, आणि त्याआधी कित्येक शतकं हा पूल ओलांडणं म्हणजे बव्हेरियाच्या परक्या मुलखात जाणं. उतरताच डाव्या हाताला काठारिनेनश्पिटाल आहे. तेराव्या शतकातला हा धर्मादाय दवाखाना आजही वृद्धाश्रम म्हणून चालतो. त्याची स्वतःची बिअरची भट्टी आहे, आणि तिचं उत्पन्न संस्थेला जातं. कारभारी मंडळात अर्धे चर्चचे, अर्धे नागरिक. १५४२ मध्ये गाव प्रोटेस्टंट झालं, चर्चची माणसं कॅथलिकच राहिली, तरी मंडळ मोडलं नाही.

तिथल्या बागेत चेस्टनटच्या झाडांखाली आम्ही दोन्ही संध्याकाळी बसलो. मी बिअर घेतली, आईनं सफरचंदाचा सोडा घातलेला रस. पलीकडे कॅथेड्रलचे मनोरे, मधे पूल. शेजारच्या टेबलावर आश्रमातल्या दोन आजीबाई आपापले चाकांचे वॉकर टेबलाशेजारी लावून पत्ते खेळत होत्या. आई त्यांचा डाव शेवटपर्यंत बघत बसली. भाषा येत नव्हती, पण कोण हरतंय ते तिला बरोबर कळत होतं.

तिसरा दिवस असेल तर उन्हाळ्यात बोटीनं वालहालाला जा. डोंगरावर १८४२ मध्ये पूर्ण झालेलं, ग्रीक मंदिराच्या धाटणीचं स्मारक, काठापासून ३५८ पायऱ्या. गुडघ्यांकडे पाहून आम्ही ते सोडलं.

परतीची शेवटची गाडी कधी आहे ते बागेत बसण्याआधी बघून ठेवा. पुलापासून स्टेशनपर्यंत चालत वीस मिनिटं धरा. आईच्या चालीनं, वाटेत त्या तीन पट्ट्यांपाशी पुन्हा थांबून, आम्हाला पन्नास लागली.